एक्केचाळीस पानांचा नवरा

मोराची चादर.

हातपंप. पाणी नाही, पण रेंज आहे.

पाचशे.

कोरे चिटोरे, अठरा पानं भरून.

दीड वाजताची एसटी — गेलेली.

"विषय : फाइल मोठी असल्याबाबत."

नवरीच्या तोंडाच्या जागी एक करडा डाग.

झालं! धरलंत मनात? नाही धरलंत. चेहऱ्यांवर दिसतंय ना! पुढच्या रांगेतले अण्णा तर मृदंगवाल्यांकडे बघतायत — बुवांचं एखादं पान उडालं की काय? नाही हो अण्णा. पानं जागेवर आहेत. उडालाच असेल तर बुवा उडाला असेल!

आता एक सवाल. काल्याचं कीर्तन आहे, पलीकडं बुंदी पाडणं चाललंय, वास सगळ्यांनाच येतोय — म्हणून सवाल एकच. मंडळी, ऐका! ओझं झालं जड, आणि दार झालं अरुंद. माणसानं करावं काय? ओझं दाबावं — की ओझं टाकावं?

सोपं वाटतंय? मांडी घालून बसल्यावर सगळंच सोपं वाटतं!

*दाबिले ते ओझे । ओझेचि राहिले ।*
*सोडिले ते गेले । जीवातूनि ॥*

पूर्वरंग संपला. हो, एवढाच! लांबवता आला असता. पण आजचा विषयच कमी करण्याचा आहे, आणि बोलणाऱ्यानं आधी आपल्यापासून सुरुवात करावी.

तर ऐका.

आपल्यासारखाच एक जिल्हा. त्याच्या एका टोकाला डोंगरात झिरीपाडा. दुसऱ्या टोकाला सपाटीवर नांदुरेकाठ. मध्ये अंतर एकशे अडतीस किलोमीटर, तीन एसट्या, आणि एक असा फाटा की जिथं उतरलं की पुढची गाडी नुकतीच गेलेली असते. झिरीपाड्याच्या शाळेत रघुवीर पाथरे गुरुजी. नांदुरेकाठच्या शाळेत हेमलताबाई. आणि हे दोघं एकमेकांचे कोण?

नवरा-बायको!

हसू नका. नऊ वर्षं! शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी दीडची एसटी धरायचे, दिवेलागणीला नांदुरेकाठ. रविवारी दुपारी परत पिशवी भरायची. म्हणजे आठवड्यात संसार किती? एक संध्याकाळ आणि एक सकाळ! त्यातही सकाळी बाई म्हणायच्या, "अहो, जरा दळण आणून द्या." आता सांगा, नवरा एकशे अडतीस किलोमीटर आला कशाला — दळणाला?

पण जिल्हा परिषदेच्या शाळांत एक सोय असते. नवरा-बायको दोघंही नोकरीत, आणि लांब लांब असले, तर एकानं अर्ज करायचा. जागा असली तर एकत्र आणतात. अर्ज पूर्वी साहेबांच्या टेबलावर जायचा. आता जातो पोर्टलवर. पोर्टल म्हणजे असं दार, की ज्याला कडी नाही, बिजागरी नाही, आत कोण बसलाय ते दिसत नाही — तरी ते बंद असतं!

त्या वर्षी नांदुरेकाठच्या शाळेत एक जागा रिकामी झाली. एकच! अर्जाची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. गेली तर पुन्हा किती वर्षांनी रिकामी होईल, ते ती जागाही सांगू शकत नव्हती.

तर गुरुजींना काय करायचं होतं? तीन कागद जोडायचे. विवाहनोंदणीचा दाखला. बायको नोकरीत असल्याचा दाखला. आणि दोन गावांतल्या अंतराचा दाखला. तीन पानं! फोटो काढायचे, एक फाइल करायची, चढवायची. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं — फाइल पाचशे केबीच्या आत असावी.

ज्या माउलींना केबी-एमबी कळत नाही त्यांनी काळजी करू नये. ज्यांना कळतं तेही काळजीतच आहेत. असं समजा — केबी म्हणजे पसाभर धान्य. एमबी म्हणजे पोतं. एका पोत्यात हजार पसे, वर थोडे. पोर्टल काय म्हणतं? पाचशे पसे आण. अर्धं पोतं. तेवढंच माझ्या दारातून जाईल.

गुरुजी किती घेऊन आले?

शहाण्णव पोती!

कशी झाली? अहो, गुरुजींच्या जीवाला एक कागद लागलेला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी वडील दवाखान्यात. गुरुजींनी रजेचा अर्ज टाकला, तो परत आला. वर लाल शेरा — "जोडपत्र अपूर्ण." एक कागद कमी! तो कागद शोधण्यात आठ दिवस गेले, आणि ते आठ दिवस वडील दाराकडे बघत पडून राहिले. वडील बरे झाले हो, पण गुरुजींचं काहीतरी तिथंच राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं — कागद कमी पडू द्यायचा नाही. कुणी एक मागितला की चार द्यायचे. वर म्हणायचे, "कागद जास्त लावला म्हणून कुणाला फाशी दिल्याचं ऐकलंय का?"

नाही ऐकलं. पण ऐका आता!

पान एक ते तीन — मागितलेले दाखले. ठीक. पान चार — विवाहाच्या दाखल्याची मागची बाजू. कोरी! कोरी का जोडली? "मागं काही लिहिलेलं नाही हे साहेबांना कळायला नको?" पान पाच ते आठ — लग्नपत्रिका. पाकिटासकट! पान नऊ — लग्नाचा फोटो. पान दहा — आदर्श शिक्षक पुरस्कार, जिल्हास्तरीय. पान अकरा — वृक्षारोपणाचं प्रशस्तिपत्र. आता मला सांगा, झाडं लावली याचा आणि बायकोचा काय संबंध? रेशनकार्ड, आधार, आधारची झेरॉक्स, झेरॉक्सवर साक्षांकन, साक्षांकन करणाऱ्याचं ओळखपत्र… तेविसाव्या पानापर्यंत हा पसारा. चोवीस ते एक्केचाळीस — ते नंतर सांगतो. त्याला वेळ आहे.

आणि फोटो काढले कशावर? जमीन सारवलेली, टेबलाचा पाय मोडका. म्हणून गुरुजींनी आपल्या खोलीवरची चादर अंथरली. लाल चादर, मधोमध मोर, पिसारा फुललेला, पिसाऱ्यात डोळा न् डोळा विणलेला! वर कागद ठेवला आणि भारीतल्या मोबाइलनं सगळा रंग, सगळी धार जशीच्या तशी उचलली. पाव भाग दाखला — पाऊण भाग मोर! एक्केचाळीस पानं, एक्केचाळीस मोर! अहो, दाखल्याला वजन किती? चार ओळी आणि एक शिक्का. वजन होतं पिसाऱ्याला!

आपलंही तसंच असतं बरं. पण ते नंतर.

शनिवारी अकराला शाळा सुटली. शाळेत रेंज नाही. रेंज मिळते कुठं? पाड्याबाहेरच्या हातपंपाजवळ. तीन वर्षांपूर्वी पाणी आटलं, पण रेंज आटली नाही. पाड्यातली माणसं अजून "पंपावर जाऊन येतो" म्हणतात आणि कानाला मोबाइल लावून परत येतात. गुरुजी तिथं उभे राहिले. अर्ज भरला. फाइल निवडली. बोटानं दाबलं.

*फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. कृपया लहान करून पुन्हा प्रयत्न करा.*

गुरुजींनी चष्मा पुसला. परत दाबलं. तेच! पंप एकदा हापसून पाहिला — उगीच. तरी तेच!

"लहान करून…" गुरुजी पुटपुटले. आणि मंडळी, सत्तावीस वर्षं मुलांना गणित शिकवलेला माणूस काय करतो? शाळेत परत जातो. बाकावर चढतो. आणि उंचावरून फोटो काढतो — कागद लांबून लहान दिसावा म्हणून!

कागद लहान दिसला. मोर मोठा झाला!

शहाण्णवची झाली एकशे चार.

दुसरे मास्तर जयवंत गावित दारात उभं राहून बघत होते. तरुण माणूस, त्याच डोंगरातला, कमी बोलणारा. म्हणाले, "गुरुजी, उतरा. बाकाचा पाय हलतोय."

"सर, ही फाइल जात नाहीये."

"किती पानं आहेत?"

"एक्केचाळीस."

"कसलं प्रकरण आहे? कोर्टाचं?"

"बदलीचं."

गावित सरांनी बाक धरून ठेवला. "गुरुजी, मोठी आहे म्हणतंय ना ते? मग कमी करा."

पण कमी करणं गुरुजींच्या हातात नव्हतं हो! हात तयारच झाले नव्हते त्या कामाला. ते खुर्चीत बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि शुद्ध, वळणदार अक्षरात लिहू लागले —

"प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी साहेब. विषय : फाइल मोठी असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, माझ्या अर्जासोबतची फाइल सर्व पुरावे जोडल्याने मोठी झाली असून ती आहे तशी स्वीकारण्यात यावी…"

सही. दिनांक. खाली — "सोबत : वरीलप्रमाणे."

आणि ते पत्र चादरीवर ठेवून, फोटो काढून, फाइलीला पहिलं पान म्हणून जोडलं!

बेचाळीस पानं! दाराबाहेर उभा माणूस दाराला म्हणतो, माझं ओझं मोठं आहे म्हणून दार रुंद कर — आणि ती चिठ्ठी ओझ्यातच ठेवतो! हसताय? हसा हसा. देवळात येऊन आपण काय मागतो? "देवा, माझा राग सांभाळून घे, माझा हट्ट सांभाळून घे." कमी करीन, असं म्हणतो का कधी? नाही! नुसतं पत्र जोडतो!

या सगळ्यात वाजला दीड. खालच्या वळणावर एसटीनं हॉर्न दिला. रोजचा ड्रायव्हर — शनिवारी गुरुजींसाठी मिनिटभर थांबायचा. थांबला. हॉर्न दिला. परत दिला. गुरुजी फाइलीत. गाडी गेली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा! बायकोजवळ नेणारी गाडी कशापायी चुकली? बायकोजवळ जाण्याच्या कागदांपायी!

आता गावित सरांना राहवलं नाही. म्हणाले, "द्या इकडं." त्यांच्या मोबाइलात एक अ‍ॅप होतं, फाइल दाबून लहान करणारं. त्यात एक पट्टी. डावीकडं सरकवली की फाइल बारीक होते. गावित सर म्हणाले, "गुरुजी, पण काही पानं काढली तर—"

"एकही काढायचं नाही!"

"बरं." सरांनी पट्टी डावीकडं नेली. अजून डावीकडं. पार भिंतीला टेकवली. फिरफिर फिरलं आणि आकडा आला — चारशे ऐंशी केबी.

"बसली!" गुरुजी टाळी वाजवून उठले. बेचाळीस पानं, पुरस्कार, वृक्षारोपण, मोर, सगळंच्या सगळं आत! एकही सोडावं लागलं नाही. पंपावर धावत गेले, दाबलं, हिरवी खूण आली. गुरुजी पंपाच्या कट्ट्यावर टेकले. आकाशाकडे बघून हात जोडले.

मंडळी, इथं मला तो आनंद सांगायचा होता. सावलीपासून डोंगरापर्यंत सगळं वर्णन तयार होतं. टाकलं! कारण तो आनंद तासभरच टिकला.

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन. पंचायत समितीतले शेलार साहेब. कागद तपासायला बसलेले, शनिवारच्या सुट्टीत बसवलेले — म्हणजे आवाज कसा असेल ते तुम्हीच ठरवा.

"पाथरे गुरुजी?"

"बोला साहेब! मिळाली फाइल?"

"मिळाली. गुरुजी, एक विचारू का? लग्न कुणाशी झालंय तुमचं?"

"अहो साहेब, असं काय…"

"नाही, मी आपलं माहितीसाठी विचारतोय. कारण इथं विवाहाच्या दाखल्यावर वराचं नाव म्हणजे एक मुंगी मेलेली दिसते. वधूचं नाव म्हणजे तीही नाही! शिक्का आहे की मनुका आहे कळत नाही. फोटोत दोन माणसं आहेत, एकाच्या डोक्यावर फेटा असावा असा माझा अंदाज आहे. नवरीच्या तोंडावर करडा डाग."

"साहेब, सगळे पुरावे जोडलेत…"

"सगळे जोडलेत! बायको तेवढी दिसत नाही. कुणाजवळ जायचंय तुम्हाला, ते तर कळू द्या! अर्ज परत करतोय. पाचला दार बंद. आणि गुरुजी —"

"हां साहेब?"

"प्रत्येक पानावर ते पाठीमागं कोण उभं आहे? कोंबडा?"

"…मोर आहे साहेब."

फोन ठेवला.

ऐकलंत मंडळी? म्हणून म्हणतो, दाबणं वेगळं आणि टाकणं वेगळं! दाबलं की सगळ्यालाच सारखं दाबावं लागतं. पुरस्काराला जेवढा रट्टा, तेवढाच बायकोच्या नावाला. काहीच सुटत नाही — आणि काहीच वाचता येत नाही!

*दाबिले ते ओझे । ओझेचि राहिले ।*

म्हणा, मागचे पण म्हणा. बुंदी पळून जात नाही!

गुरुजी कट्ट्यावर तसेच बसले. घड्याळात साडेतीन. हातात फोन. बेचाळीस पानांतलं एकही कमी करायचं म्हटलं की बोट मागं यायचं. कुठलं काढू? काढलेलंच नेमकं मागितलं तर? परत लाल शेरा आला तर? डोळ्यांसमोर दवाखान्यातलं ते दार, आणि दाराकडे बघणारे वडील. एवढ्यात फोन वाजला.

हेमलताबाई.

"अहो, फाट्यावरून फोन आला नाही. एसटी चुकली वाटतं?"

"चुकली नाही. मी… सोडली."

नऊ वर्षांत असं वाक्य आलं नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "फाइल चढत नाहीये ना?"

"चढली. पण परत आली. तुझं नाव दिसत नाही म्हणाले."

"किती पानं लावलीत?"

"बेचाळीस."

"मागितलीत किती?"

गुरुजींनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, मागितलीत किती?"

"तीन."

बाईंनी श्वास घेतला. वर्गातल्या बाई ज्या श्वासानंतर छडी शोधतात, तो श्वास! "हे बघा. आधी ती चादर उचला. चादरीवर काढलेत ना फोटो?"

"तुला कसं कळलं?"

"लग्न झालंय माझं तुमच्याशी. दिसत नसलं तरी! चादर उचला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा दाखला. उन्हात नाही, सावलीत — लॅमिनेशन चकाकतं. गावित भाऊजींच्या मोबाइलात कागद काढायचं अ‍ॅप असेल. त्यात कडा कापा, कागदाच्या बाहेरचं काही ठेवू नका. रंग काढून टाका, करडा करा. करड्या रंगातही शिक्का वाचता येतो. आणि तीनच पानं."

"आणि आदर्श शिक्षक?"

"काढा."

"अगं, जिल्हास्तरीय आहे!"

"असू दे की. आदर्श नवऱ्याचं प्रमाणपत्र आहे का? असेल तर लावा."

"…नाही."

"मग काढा. पुढं?"

"लग्नपत्रिका. तुझ्या मामांचं नाव आहे त्यात निमंत्रकांत."

"मामा येणार आहेत का आपल्यात राहायला? काढा!"

"वृक्षारोपण?"

"अहो!"

"काढलं, काढलं." पिशवीतल्या गठ्ठ्यातून एकेक पान गुरुजी काढत होते, आणि बघणाऱ्याला वाटावं माणूस दाढ काढून घेतोय. रेशनकार्ड गेलं. झेरॉक्सची झेरॉक्स गेली. कोरी पाठ गेली. कपाळावर घाम! तेवीसपर्यंत आले — आणि थांबले.

"आता काय राहिलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"किती पानांचं काही नाही?"

"अठरा."

"काय आहे त्याच्यात?"

सांगतो आता चोवीस ते एक्केचाळीस. गुरुजी फोनवर हळू आवाजात म्हणाले, "तिकिटं."

"कसली?"

"एसटीची. शनिवारची. नऊ वर्षांची चिकटवून ठेवलीत वहीत. हाल होतात याचा पुरावा म्हणून लावली."

गुरुजींना वाटलं रेंज गेली. "हॅलो? हेमलता?"

"आहे. दिसतं का काही त्याच्यावर?"

तुम्हाला माहीत आहे, ती मशीनमधून निघणारी तिकिटं. चार महिन्यांत छपाई उडते. गुरुजींनी पिशवीतली वही उघडली. ओळीनं, काटकोनात, डिंकानं चिकटवलेले कोरे चिटोरे. अठरा पानं भरून!

"नाही दिसत," गुरुजी म्हणाले. "सगळं उडालं. पण मला माहितीय कुठलं कुठलं. हे वरचं, ते तुला ताप होता तेव्हाचं. त्याच्या खालचं, गाडी बंद पडून मी टेम्पोनं आलो होतो ना…"

"अहो."

"हं."

"ती अर्जातून काढा." बाईंचा आवाज मघाचा राहिला नव्हता. "वही मला आणून द्या."

मंडळी! टाकणं म्हणजे फेकणं नव्हे! कुठलं पान साहेबापुढं न्यायचं आणि कुठलं घरच्या माणसापुढं उघडायचं, एवढंच कळायला हवं! गुरुजींनी नऊ वर्षं सांभाळलेली वही दाखवली कुणाला? पोर्टलला! जिच्यासाठी सांभाळली, तिला माहीतच नाही! आपल्यातल्या किती जणांची माया अशी चुकीच्या दारात जोडपत्र होऊन पडलीय? हात वर करा. नका करू, शेजारी सौभाग्यवती बसल्यात.

चार वाजून पाच. गुरुजींनी चादर उचलली. मोर घडी घालून बाजूला ठेवला. गावित सरांनी पाचवीच्या तक्त्याची पांढरी बाजू वर करून दिली. विवाहाचा दाखला ठेवला. एकदा काढला — अंगठा आला. दुसऱ्यांदा काढला — चकाकी. तिसऱ्यांदा गावित सर म्हणाले, "गुरुजी, श्वास घ्या. तुम्ही श्वासच घेत नाही आहात." घेतला. फोटो आला. कडा कापल्या. रंग गेला. आणि पांढऱ्यावर काळं, टवटवीत — वधू : हेमलता.

गुरुजी बघतच राहिले. "वाचता येतंय हो, सर!"

"येणारच. आता त्याच्यावर कुणी बसलेलं नाही."

तीन पानं. चारशे दहा केबी. दहा मिनिटं राहिली. गुरुजी पंपाकडे निघाले. वय एकावन्न, धोतर नाही म्हणून बरं, पँटीत धावले! पंपावर पोचले. दाबलं. चक्र फिरायला लागलं. फिरतंय… फिरतंय… रेंजची एक काडी. एक काडी गेली. परत आली…

थांबा. जरा पाणी पितो.

का हो अण्णा? एवढ्या पुढं सरकलात? मघाशी तर बुंदीकडं लक्ष होतं! बरं, बरं. गेली फाइल. चार वाजून सत्तावन्न! आणि पाचला शेलार साहेबांचा फोन — "गुरुजी, आत्ता दिसल्या हो वहिनी! आणि कोंबडाही गेला." गुरुजी या खेपेला मोर म्हणाले नाहीत. "गेला साहेब," एवढंच म्हणाले.

आणि जूनमध्ये आदेश आला. नांदुरेकाठ! टेम्पो भरून गुरुजी दारात उतरले. टेम्पोत एक खाट, दोन भांडी आणि पाच ट्रंका. हेमलताबाई उंबऱ्यात. "ह्या ट्रंका कसल्या?"

"कागद."

"दार बघितलंत केवढं आहे?"

गुरुजींनी दार बघितलं. ट्रंका बघितल्या. बायकोकडं बघितलं. मंडळी, माणूस एका शनिवारात बदलत नाही! पण तीन ट्रंका टेम्पोतून उतरल्याच नाहीत, रद्दीवाल्याकडं गेल्या. एक उतरली. आणि एक अजून अंगणात आहे — तिचं काय करायचं यावर रोज चहाला वाद होतो. आणि रोज चहाला, बघा! शनिवारी नव्हे!

आता तुमची पाळी. सुटलो असं समजू नका!

तुमच्या मोबाइलात काय आहे ते बाजूला ठेवा. तिथं सकाळच्या गुलाबांचे बाराशे फोटो आहेत, मला माहीत आहे, त्यातले दोनशे मलाच येतात. मी विचारतोय इथलं — छातीतलं! भावजय पंधरा वर्षांपूर्वी काय बोलली, ते पान आहे ना? शाबूत? रंगीत? पाठपोट? मिरवणुकीत नारळ आधी कुणाच्या हातात दिला, ते पान? सत्काराला शाल दिली आणि श्रीफळ विसरले, ते पान? आणि विचारलं तर म्हणता काय? "नाही हो बुवा, मी काही मनात ठेवत नाही, सगळं दाबून टाकलं!" दाबलंत! टाकलं कुठं? सगळंच दाबून दाबून आत बसवलंत, आणि आता घरातलं जवळचं माणूस समोर येऊन बसलं, तर त्याचं तोंड करडं दिसतं. नाव वाचता येत नाही. दोष डोळ्यांचा नाही हो. फाइलीचा आहे!

घरी जा. आज एक पान काढा. बेचाळीस काढायचं कुणी सांगितलं नाही, एकच. आणि ज्या माणसाजवळ जायचंय, त्याचं नाव स्वच्छ ठेवा. दार तेवढंच बघतं!

*सोडिले ते गेले । जीवातूनि ॥*

पानं वाढायला घ्या. आधी बायामाणसांची पंगत.

बुवांनी कीर्तनात सांगितलं नाही ते एवढंच : पाथरे गुरुजींच्या अर्जाच्या चार वर्षं आधी हेमलताबाईंनी झिरीपाड्याच्या शाळेसाठी अर्ज भरला होता. त्याची फाइल गुरुजींनी करून दिली होती, साठ एमबीची, आणि ती चढली नाही. गुरुजींना मात्र बाईंनी सांगितलं, की जागाच निघाली नाही.